नोंदी किती आणि वस्तू किती?
खेळाडूंच्या दर्जांकित कार्डांची 'लोकसंख्या' मोजणाऱ्या आज्ञावलींचे परीक्षण

१९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकात आपल्याकडे 'बिग फन' या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रकार्डे मिळत. अनेक शिक्षकांनी ती स्वतः जमवली असतील. आपल्याकडे हा खेळ शाळेच्या दप्तराबाहेर फारसा गेला नाही. अमेरिकेत मात्र अशा कार्डांचा मोठा बाजार उभा राहिला. या बाजाराचा हिशेब ठेवण्यासाठी आता संगणक आज्ञावली वापरल्या जातात. संख्याशास्त्र शिकवायला त्या उपयोगी आहेत काय, आणि त्यांतील आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, हे येथे तपासायचे आहे. देवबागसारख्या किनाऱ्यावरच्या गावातील विद्यार्थ्यांना या प्रश्नाशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण तोच प्रश्न त्यांच्या दारातल्या समुद्राबद्दलही विचारावा लागतो.

आकडे येतात कोठून?

१९९१ साली अमेरिकेत प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर, म्हणजेच पीएसए, ही कंपनी सुरू झाली. मालक आपले कार्ड शुल्क भरून तिच्याकडे पाठवतो. कार्ड अस्सल आहे का, चित्र मध्यभागी छापले आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग कसे आहेत, हे परीक्षक पाहतो आणि १ ते १० यांपैकी एक दर्जा देतो. मग ते कार्ड पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवले जाते आणि पेटीतल्या पट्टीवर दर्जा व क्रमांक छापतात. एसजीसी, बेकेट, सीजीसी या कंपन्याही हेच काम करतात.

कोणत्या कार्डाला कोणता दर्जा किती वेळा दिला, याचा तक्ता कंपनी प्रसिद्ध करते. त्याला 'पॉप्युलेशन रिपोर्ट', म्हणजे लोकसंख्या-अहवाल, असे नाव आहे. मागोवा घेणाऱ्या आज्ञावली हे तक्ते ठराविक काळाने उतरवून घेतात, निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे एकत्र मांडतात, आलेख काढतात आणि एक गुणोत्तर देतात: १० दर्जाची कार्डे भागिले एकूण तपासलेली कार्डे. 'जेमरेट' या सेवेचे नावच या गुणोत्तरावरून पडले आहे.

गुण

कंपनीचा तक्ता आजचा आकडा दाखवतो. गेल्या वर्षी तो किती होता हे त्यात दिसत नाही. आज्ञावली जुने आकडे जपून ठेवते. काळाबरोबर एखादी राशी कशी बदलते याचा आलेख काढायला ही सामग्री चांगली आहे.

दुसरा गुण एकत्रीकरणाचा. १९५२ सालच्या टॉप्स संचातील मिकी मँटल या बेसबॉलपटूच्या कार्डाचे उदाहरण घ्या. पीएसएच्या तक्त्यात या कार्डाला १० दर्जा अवघ्या तीन वेळा दिलेला दिसतो. परंतु ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला जे मँटल-कार्ड विकले गेले, ते एसजीसीने ९.५ दर्जा दिलेले होते. पीएसएचा तक्ता कितीही वेळा वाचला तरी ते कार्ड त्यात सापडणार नाही. एकच वही पाहून सबंध गावाची गणती झाली असे मानू नये, हा धडा येथे आपोआप मिळतो.

दोष पहिला: नोंद म्हणजे वस्तू नव्हे

९ आणि १० या दर्जांच्या किमतींत फार मोठा फरक असतो. म्हणून ९ दर्जा मिळालेला मालक काही वेळा पेटी फोडतो आणि तेच कार्ड पुन्हा तपासणीला पाठवतो. जुनी पट्टी कंपनीला परत केली तर जुनी नोंद वगळता येते. पण ती परत करणे मालकाच्या इच्छेवर आहे. नाही केली तर एका कार्डाच्या दोन नोंदी होतात.

याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. १०० कार्डे तपासली. त्यांपैकी ३० कार्डांना १०, ६० कार्डांना ९ आणि उरलेल्या १० कार्डांना त्याहून कमी दर्जा मिळाला. नऊवाल्यांपैकी २० मालकांनी पेट्या फोडून कार्डे पुन्हा पाठवली. ५ कार्डांना आता १० मिळाला, १५ कार्डांना पुन्हा ९. जुन्या नोंदी तशाच राहिल्या.

तक्ता आता सांगेल: दहा दर्जाची ३५, नऊ दर्जाची ७५, कमी दर्जाची १०, एकूण १२०. वास्तव असे आहे: दहाची ३५, नऊची ५५, कमीची १०, एकूण १००. म्हणजे तक्त्यातील गुणोत्तर सुमारे २९ टक्के, खरे ३५ टक्के. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. चूक सर्व ओळींत सारखी पसरलेली नाही. दहाची ओळ अचूक राहिली. नऊची ओळ २० नोंदींनी फुगली. सगळ्या आकड्यांतून सरसकट काही टक्के वजा करून ही चूक दुरुस्त होणार नाही.

दोष दुसरा: नमुना निवडून आलेला

तपासणीला पैसे पडतात. म्हणून मालक आपल्याकडची चांगली दिसणारी कार्डेच पाठवतो. दुमडलेली, डाग पडलेली कार्डे पेटाऱ्यातच राहतात. तेव्हा आज्ञावलीतील गुणोत्तर हे 'पाठवलेल्या' कार्डांचे आहे, 'छापलेल्या' कार्डांचे नाही. रापण ओढणाऱ्या मच्छीमाराला हे सांगावे लागत नाही. जाळ्याची आस मोठी असेल तर लहान मासळी निसटते. किनाऱ्यावर आलेल्या मासळीवरून समुद्रात लहान मासळीच नाही असा निष्कर्ष तो काढत नाही.

उलट बाजूने, नष्ट झालेल्या वस्तूंचीही नोंद या तक्त्यात नसते. टॉप्स कंपनीचे साय बर्जर यांनी स्वतः सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे: १९५२ची न विकली गेलेली कार्डे त्यांनी १९६० साली तराफ्यावर लादून अटलांटिक समुद्रात बुडवली. किती छापली, किती बुडाली, किती उरली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दर्जाच्या तक्त्यात नाही.

दोष तिसरा: आलेखाचा उतार

मार्च २०२१ मध्ये कार्डांचा इतका पूर आला की पीएसएला आपल्या बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे स्वीकारणे थांबवावे लागले. आधीच्या ढिगाऱ्यातील कार्डांच्या नोंदी पुढे कित्येक महिने होत राहिल्या. अशा काळात आलेखाचा उतार जगातल्या कार्डांबद्दल काही सांगत नाही. तो कचेरीतील रांग आणि तेथील माणसांचा वेग दाखवतो. आलेखावर अशा घटनांची खूण नसेल तर वाचणारा फसतो.

किमतीचेही तसेच. मायकेल जॉर्डनच्या १९८६च्या फ्लीअर कार्डाला पीएसएने तीनशेहून थोड्या अधिक वेळा १० दर्जा दिला आहे. जानेवारी २०२१ मध्ये असे एक कार्ड ७ लाख ३८ हजार डॉलरला गेले. काही महिन्यांतच किंमत निम्म्याहून खाली आली. या काळात दहाची संख्या जवळपास तेवढीच होती. मग केवळ 'दुर्मीळ' या शब्दाने किमतीचे कारण कसे सांगता येईल?

दोष चौथा: मापपट्टी

१ ते १० हे क्रम आहेत, अंतरे नाहीत. ८ आणि ९ यांतला फरक ९ आणि १० यांतल्या फरकाएवढाच आहे असे म्हणता येत नाही. त्यामुळे दर्जांची सरासरी काढणे चूक आहे. शिवाय मापणारा माणूस आहे. १९०९ ते १९११ या काळातील टी-२०६ संचातले होनस वॅग्नरचे कार्ड हे पीएसएने दर्जा दिलेले पहिले कार्ड. त्याला ८ दर्जा मिळाला. २०१३ साली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला नियमाप्रमाणे असा दर्जा मिळायला नको होता. मूळ नोंदच सदोष असेल तर तिच्यावर चढवलेली कोणतीही आज्ञावली ती सुधारू शकत नाही.

देवबागच्या किनाऱ्यावर

देवबाग ही कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी. तेथून पर्यटकांच्या होड्या डॉल्फिन पाहायला जातात. एका सकाळी दहा होड्यांनी एकच कळप पाहिला तर दहा नोंदी होतील. डॉल्फिन मात्र तेवढेच राहतील. म्हणून अभ्यासक पाठीवरच्या पराच्या खाचांची छायाचित्रे घेऊन प्रत्येक प्राणी वेगळा ओळखतात. समुद्री कासवांचेही असेच आहे. ऑलिव्ह रिडलेची एक मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकते. घरटी मोजली म्हणजे माद्या मोजल्या असे होत नाही. २०२१ साली ओडिशात खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. हे समजले ते तिच्या परावरच्या धातूच्या पट्टीमुळे. कासवाची खूण कासवाच्या अंगावर असते. कार्डाचा क्रमांक पेटीवर असतो. पेटी फुटली की ओळख संपली. सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

वर्गात पुढील प्रयोग करावा. एका पिशवीत तिसऱ्यांच्या भरपूर शिंपल्या घ्या. संख्या कोणाला सांगू नका. ६० शिंपल्या काढून त्यांवर खडूने खूण करा, परत टाकून चांगल्या मिसळा. नंतर न पाहता ५० काढा. त्यांत खुणेच्या १२ निघाल्या, तर एकूण अंदाज ६० × ५० ÷ १२ = २५०. आता खुणा पुसल्या गेल्यामुळे १२ ऐवजी ८च दिसल्या असे समजा. अंदाज होईल ६० × ५० ÷ ८ = ३७५. शिंपली एकही वाढली नाही. केवळ ओळख हरवल्याने संख्या दीडपट झाली. शेवटी पिशवी रिकामी करून प्रत्यक्ष मोजा आणि अंदाज किती चुकला ते फळ्यावर लिहा.

निष्कर्ष

या आज्ञावली टाकाऊ नाहीत. आकडे साठवणे, जुळवणे, आलेख काढणे ही कामे त्या चोख करतात. पण 'लोकसंख्या' हा शब्द काढून तेथे 'नोंदी' असे लिहावे, गुणोत्तर दशांशापर्यंत न देता शक्यतेची मर्यादा द्यावी, आणि तपासणी बंद होती तो काळ आलेखावर दाखवावा. तोपर्यंत वर्गात त्या वापरायच्या तर शिक्षकाने तीन प्रश्न आधी विचारावेत: काय मोजले, कोणी निवडले, आणि तीच वस्तू दोनदा मोजली गेली असेल का?

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. किनाऱ्यावर मासेमारी कोठे करावी, होड्या किती असाव्यात, कोणता प्राणी घटला, असे प्रश्न पुढेही आकडे मांडूनच सोडवले जातील. देवबागच्या मुलांच्या घरची चूल त्या आकड्यांवर अवलंबून असेल. समोर ठेवलेला तक्ता वाचून हे तीन प्रश्न विचारता येणे त्यांना आले पाहिजे. ते शिकवायला क्रिकेटपटूच्या कार्डापासून सुरुवात केली तर मुले कंटाळणार नाहीत.