दादा कोंडके : वगाच्या मंचाकडून चित्रव्यवसायाकडे

प्रास्ताविक :
दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्या कलेची चर्चा बहुधा अश्लीलतेच्या प्रश्नाभोवतीच फिरत राहिली. लोकनाट्याचा मंच मागे ठेवून चित्रपटनिर्मितीच्या व्यवसायात गेलेल्या या सोंगाड्याने काय मिळविले आणि काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेल्या कोंडके यांना खरी ओळख दिली ती वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याने. राजा, प्रधान व कोतवाल यांच्या कथेत ते चालू राजकारणावर उत्स्फूर्त टोले घालीत. माळेगावच्या यात्रेत तमाशाचा फड पाहिलेल्यास या उत्स्फूर्ततेचे मोल सांगावयास नको. प्रेक्षकांतून आलेल्या आवाजाला सोंगाड्या तत्क्षणी उत्तर देतो; त्यामुळे द्व्यर्थी वाक्यही तेथे दोघांमधील संवादाचा भाग बनते.

भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) मधून पडद्यावर आलेल्या कोंडके यांनी ‘सोंगाड्या’ (१९७१) ची निर्मिती स्वतः केली. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहातील त्याच्या प्रदर्शनाचा वाद गाजला व शिवसेनेच्या हस्तक्षेपानंतर तो मिटला. फड गावोगाव हलविता येतो. चित्रपटाला मात्र दुसऱ्याचे चित्रपटगृह लागते, हे व्यवसायाचे वास्तव यातून दिसते. ‘पांडू हवालदार’ (१९७५) पासून त्यांनी दिग्दर्शनही हाती घेतले. नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपटांची गिनीज बुकातील नोंद हे या स्वायत्ततेचे फळ होय. ग्रामीण व कष्टकरी प्रेक्षकाला त्याच्या बोलीतला नायक मिळाला, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु चित्रफितीवर आलेला विनोद प्रेक्षकांनुसार बदलत नाही. आजचा राजकीय टोला उद्या शिळा होतो. शारीर सूचकता मात्र पंचवीस आठवडे टिकते. त्यामुळे मंचावर सत्तेवर रोखलेला विनोद पडद्यावर उत्तरोत्तर शरीराकडे वळला. हजरजबाबीपणाची जागा साच्याने घेतली.

निष्कर्ष :
सारांश, कोंडके यांच्यावरील अश्लीलतेचा आक्षेप अपुरा ठरतो. द्व्यर्थ मंचावरही होता. हरवले ते त्याला उत्तर देणारे प्रेक्षकांचे सान्निध्य. ही हानी केवळ व्यक्तीच्या अभिरुचीची नसून माध्यमाच्या अर्थव्यवहाराची आहे. म्हणून लोकनाट्याच्या अध्यापनात संहितेबरोबरच प्रयोग आणि त्यामागील व्यवसाय यांचाही विचार होणे अगत्याचे आहे.