'अं?' : एका छोट्या शब्दावरचा मोठा दावा

समोरच्याचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की आपण 'अं?' म्हणतो. शब्दकोशात शोधायला कुणी जात नाही, इतका हा किरकोळ आवाज. मार्क डिंगेमान्से, फ्रान्सिस्को तोरेइरा आणि निक एन्फिल्ड यांनी २०१३ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये त्यावर अख्खा शोधनिबंध लिहिला. २०१५ चं साहित्याचं इग नोबेल त्याला मिळालं, म्हणून लोक हसले. पण पद्धत शिकायची असेल तर हा निबंध जरूर वाचा.

दावा असा : ३१ भाषांमध्ये हा शब्द जवळजवळ सारखाच आहे. एकच अक्षर, सुरुवातीला फार तर 'ह' किंवा घशातला हलका अटकाव, मग 'अ', 'आ', 'ए'च्या आसपासचा स्वर आणि प्रश्नाचा सूर.

आता तुम्ही म्हणाल, सारखे शब्द तर कुठेही सापडतात. बरोबर. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणतात. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी दाखवलं, की तो 'गुडगा' अशा जुन्या रूपातून झिजत आलेला आहे, इंग्रजीशी त्याचा काही संबंध नाही. शब्द जितका छोटा, तितका असा योगायोग सोपा. मग 'अं?' योगायोग का नाही?

इथेच निबंधाची खरी ताकद आहे. लेखक आवाज सारखा वाटला म्हणून शब्द उचलत नाहीत. आधी संभाषणातली जागा ठरवतात (ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा), मग प्रत्येक भाषेत त्या जागी काय येतं ते बघतात. म्हणजे काम आधी, रूप नंतर. एखाददुसरी जोडी योगायोगाने जुळेल. पण एकमेकांशी नातं नसलेल्या इतक्या भाषा एकाच जागी जुळतात, तेव्हा कारण शोधावंच लागतं. ते म्हणतात, पटकन आणि कमी श्रमात विचारायची गरज सगळीकडे सारखी, म्हणून शब्द वेगवेगळ्या वाटांनी एकाच रूपाशी पोचले.

आणि हा नुसता हुंकार नाही, हेही ते दाखवतात. आइसलँडिकमधला 'हा' उतरत्या सुरात येतो, कारण त्या भाषेतले प्रश्नही तसेच उतरतात. म्हणजे तो शिकावा लागतो. शिंक शिकावी लागत नाही.

आता उणी बाजू. प्रत्यक्ष संभाषणांचा सखोल अभ्यास फक्त १० भाषांचा आहे, बाकीच्या २१ इतरांच्या नोंदींवरून घेतल्या आहेत. दोन्ही पुराव्यांचं वजन सारखं नाही. दुसरं, रूपांचं साम्य तपासलं आहे, पण कारण युक्तिवादानेच मांडलं आहे. जगात सुमारे ७००० भाषा आहेत, त्यामुळे 'सार्वत्रिक' हा शब्द जपूनच वापरायला हवा. निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे. बातम्या वाचताना तेच आधी गळून पडतं, लक्षात ठेवा.

त्या १० भाषांत भारतातली एकही नाही. मराठीत 'हं' म्हणजे होकार आणि 'हं?' म्हणजे विचारणा, फरक फक्त सुराचा. शिवाय आजोबांना आपण 'काय?' म्हणत नाही, 'काय म्हणालात?' म्हणतो. मग 'अं?' कुणासमोर चालतो, कुणासमोर नाही? घरगुती गप्पा परवानगीने रेकॉर्ड करून हे तपासता येईल. विषय शोधत असाल, तर हा अजून मोकळा आहे.