सर्वांत आणि सर्वांहून

पौलाच्या नावावर असलेल्या इफिसकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या वचनात, तो स्वतःसाठी एक विलक्षण विशेषण योजतो: एलाखिस्तोतेरोस. 'एलाखिस्तोस' म्हणजे सर्वांत लहान. तमभाव तिथेच पुरा झाला. त्याच्या खाली पायरी नाही. तरी पौल त्यावर तरभावाचा '-तेरोस' चढवतो.

संस्कृत जाणणाऱ्याला हा सांधा ओळखीचा आहे. ग्रीक '-इस्तोस' आणि आपला '-इष्ठ', '-तेरोस' आणि '-तर' ही एकाच कुळातली भावंडे. 'श्रेष्ठतर' हा शब्द नेमका असाच घडला आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या आणि १९२२मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे करणाऱ्या पंडिता रमाबाईंना हे रूप परके वाटले नसणार.

बायबलच्या ग्रीकमध्ये तरभाव पुष्कळदा तमभावाचे काम करतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात विश्वास, आशा, प्रीती या तिघांत प्रीती थोर ठरते ती 'मेइझोन' या तरभावी रूपानेच. पण इथे तमभाव हाती असतानाच पौल पुढे जातो. का?

उत्तर विशेषणासोबतच्या 'सर्व पवित्र जन' या शब्दांच्या षष्ठीत आहे. तरभावाजवळची ग्रीक षष्ठी आपल्या 'हून'चे काम करते. मराठीत तर विशेषण जागचे हलतही नाही: पेण कासूहून मोठे, पनवेल पेणहून मोठे. सगळा भार 'हून'वर. म्हणूनच मराठी कानाला हा भेद चटकन कळतो. 'सर्वांत लहान' असलेला शेवटचा का होईना, पण त्या सर्वांपैकीच एक असतो. 'सर्वांहून लहान' असलेल्याची गणतीच वेगळी. करिंथकरांस पत्रात पौल स्वतःला प्रेषितांमध्ये कनिष्ठ म्हणतो. इथे तो साध्यासुध्या भाविकांच्याही खाली उतरतो.

या नम्रतेचा देखावा होऊ शकला असता. तो टळतो विभक्तीमुळे. विशेषण चतुर्थीत आहे. ज्याला काही मिळते, त्याची ही विभक्ती. वाक्यारंभी 'मला', मग हे लांबलचक लहानपण, मग कृपा दिली गेल्याचे क्रियापद, आणि शेवटी जिचा माग लागत नाही अशी ख्रिस्ताची संपत्ती. पौल लहान म्हणून मिरवत नाही, लहान असून घेतो. जिथे मिळणाऱ्याला माप नाही, तिथे घेणाऱ्यालाही तमभाव अपुरा पडावा, हे व्याकरणाला मान्य करावेच लागते.