तुरुंगाबाहेरचे साहित्य

मराठीत तुरुंगाचे साहित्य विपुल आहे आणि त्यात खानदेशचा वाटा लहान नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अमळनेरच्या शाळेत शिकविलेल्या याच गुरुजींनी पुढे नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. भिंतीच्या आतील माणूस आपल्या लेखकांनी असा जवळून पाहिला. भिंतीबाहेर ताटकळलेले त्याचे घर मात्र या साहित्यात अभावानेच भेटते. तुरुंग परमुलखात असेल, तर त्या घराची कहाणी सांगण्याचे काम आपण बातमीदारांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

धुळे जिल्ह्यातील बोरविहीर गावचे जवान चंदू चव्हाण यांचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २०१६ रोजी ते नियंत्रणरेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. आईवडिलांमागे आजीआजोबांनी वाढविलेला हा नातू. बातमी ऐकताच आजीचे प्राण गेले. नातू परत येईपर्यंत तिच्या अस्थी विसर्जित करायच्या नाहीत, असे घरच्यांनी ठरविल्याचे वृत्तपत्रांत आले. लष्करात असलेला भाऊ, धुळ्याचे तेव्हाचे खासदार व संरक्षण राज्यमंत्री डॉ. सुभाष भामरे, दोन्ही सैन्यांतील बोलणी, अशा वाटांनी प्रयत्न चालू राहिले आणि २१ जानेवारी २०१७ रोजी चव्हाण वाघा सीमेवरून परतले.

या प्रसंगावरील लेखन आम्ही त्या वेळी आस्थेने वाचले. त्यात अश्रू होते, देशप्रेम होते, दिवाळीत अंधारलेले घर होते. पण त्या घरातील माणसे नव्हती. आजी मेली ती मथळ्यासाठी. अस्थी घरात ठेवून दिवस कंठणे म्हणजे काय, सुतक फिटूनही न फिटण्यासारखे ते काय असते, हे कोणी विचारले नाही. ही माणसे घरात अहिराणी बोलत असतील, तर छापील शोकाची भाषा त्यांची नव्हेच. बहिणाबाईंच्या मुलखात तरी हे लेखकाच्या ध्यानी यायला हवे होते. पुढे त्याच वर्षी लष्करी न्यायालयाने चव्हाण यांना दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली, आणि लेखण्या एकाएकी थंडावल्या. निष्कलंक वीराच्याच घरच्यांचे दुःख लिहिण्याजोगे असते, असा हा अलिखित नियम दिसतो. आम्हांस तो वाङ्मयदृष्ट्या खोटा आणि ख्रिस्ती दृष्टीने त्याहून खोटा वाटतो. बंदिवानाची भेट घेण्यास प्रभूने सांगितले, तेव्हा त्याचा निकाल आधी वाचण्याची अट घातली नव्हती.

गोवा मुक्ती लढ्यातील मोहन रानडे यांची कथा अधिक भाग्यवान. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगात १९६९ सालच्या जानेवारीपर्यंत अडकले होते. सुधीर फडके यांनी त्यांच्यासाठी अथक खटपट केली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोप सहावे पॉल यांची भेट घेऊन रदबदलीची विनंती केली. एक भावगीतगायक, एक नास्तिकपंथी द्रविड पुढारी आणि रोमचे परमगुरू एका कैद्यासाठी एका दोरीला हात लावतात! याहून नाट्यमय कथानक कोणत्या कादंबरीकाराला हवे? रानडे यांनी स्वतः आत्मकथन लिहिले. बाहेर धडपडणाऱ्यांची कादंबरी अजून आमच्या वाचनात नाही.

ती कशी लिहावी, याचा धडा प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात आहे. पेत्र तुरुंगात असतो, मार्कच्या आईच्या घरी मंडळी प्रार्थना करीत असते. सुटलेला पेत्र दार ठोठावतो. दासी त्याचा आवाज ओळखते, पण आनंदाच्या भरात दार उघडायचेच विसरते. आतील मंडळी तिला वेडी ठरवितात. ज्याच्यासाठी रात्र जागविली, तो आल्यावर कोणाचा विश्वास बसत नाही! लूकने या भाविकांना थोर करून दाखविले नाही, म्हणूनच ते आपल्या आळीतले वाटतात. आमच्या नाताळ अंकांतील कथालेखकांनी हा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचावा.

नाताळावरून आठवले. २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत कुलभूषण जाधव यांची आई आणि पत्नी त्यांना भेटल्या. मध्ये काच होती. भेटीपूर्वी दोघींना कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र उतरवावे लागले. आईला मुलाशी मराठीतून बोलू दिले नाही, असे भारत सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितले. या भेटीवर पानेच्या पाने छापली गेली. बहुतेक सगळी काचेविषयी आणि मंगळसूत्राविषयी होती. मुलाशी परभाषेत बोलावे लागलेल्या आईविषयी, तेही मराठी वृत्तपत्रांत, आम्हांस फार थोड्या ओळी सापडल्या.