माफ कुणी कुणाला करायचं?

काळ्यांचं साहित्य म्हटलं की आपले लिहिणारे हार्लेमवर थांबतात. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिकडून घेतलं, पण तिकडची पोरं ज्या कॉलेजांतून शिकली त्यांचा पत्ता आपल्याला नाही. म्हणून मार्गारेट वॉकर या कवयित्रीची 'ज्युबिली' ही कादंबरी आणि त्या जिथं तीस वर्षं शिकवत होत्या ते मिसिसिपीतलं जॅक्सन स्टेट, ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

हे कॉलेज १८७७ साली नॅचेझ गावात बाप्टिस्ट मिशनने काढलं. पुढं ते जॅक्सन शहरात आलं. १९४० साली सरकारने ताब्यात घेतलं. कशासाठी? तर काळ्यांच्या शाळांना मास्तर पुरवायला. म्हणजे शिका, पण आम्ही ठरवू तेवढंच शिका. गोऱ्यांच्या विद्यापीठाचं दार १९६२ साली जेम्स मेरेडिथने उघडायला लावलं, तो याच कॉलेजातून गेलेला. या कॉलेजाला विद्यापीठ म्हणायला सरकारला १९७४ साल उजाडलं.

वॉकरबाई इथं १९४९ साली आल्या. 'ज्युबिली' १९६६ साली निघाली. ती त्यांच्या पणजीची कहाणी. नायिका वायरी मालकाच्याच रक्ताची, पण गुलाम, वाड्यावरची स्वयंपाकीण. कादंबरीचं खरं बळ तिच्या कामात आहे. रांधणं, धुणं, रानातला पाला ओळखून औषध करणं, हे सगळं बाई बारकाईने लिहितात. प्रस्थापितांच्या कादंबरीत पंगत दिसते, रांधणारे हात दिसत नाहीत. इथं हात दिसतात.

माझा आक्षेप शेवटावर आहे. क्लानवाले वायरीचं घर जाळतात, तरी शेवटी ती द्वेष टाकून माफ करते. पांढरपेशे समीक्षक याला मानवता म्हणतील. म्हणोत. पण माफी मिळाल्यावर जाळणाऱ्याने काय करायचं, हे कादंबरी विचारतच नाही.

उत्तर त्याच कॉलेजच्या रस्त्यावर मिळालं. १९७० च्या मे महिन्यात, १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर, पोलिसांनी मुलींच्या हॉस्टेलवर चारशेच्या वर गोळ्या झाडल्या. फिलिप गिब्ज आणि जेम्स अर्ल ग्रीन मेले, बाराजण जखमी झाले. ग्रीन तर हायस्कूलचा पोरगा, कामावरून घरी चाललेला. शिक्षा कुणालाही नाही. अकरा दिवस आधी केंट स्टेटमध्ये चार गोरी पोरं मेली, ती जगाला पाठ आहेत. ही दोन किती जणांना माहीत आहेत?

पण वॉकरबाईंना नुसती माफीवाली लेखिका ठरवणंही चूक. १९६८ सालीच त्यांनी कॉलेजात काळ्यांचा इतिहास, जीवन आणि संस्कृती यांच्या अभ्यासाची संस्था काढली होती. कादंबरीचा शेवट जिथं कमी पडतो, तिथं हे काम पुढं जातं. कोर्टातली लढाईही झाली. १९७५ साली एका बापाने दावा लावला, की काळ्यांच्या सरकारी कॉलेजांना बरोबरीचा पैसा द्या. १९९२ साली सुप्रीम कोर्टाने राज्याला दोषी धरलं. तडजोड मंजूर व्हायला २००२ उजाडलं, रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर, तीन कॉलेजांसाठी.

आपल्याकडं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायलाच १९७८ ते १९९४ गेली. घरं जळाली, माणसं मेली. त्यावर कविता पुष्कळ झाल्या. पण आपल्या हॉस्टेलांचे, संस्थांचे कागद कुठं आहेत? म्हाताऱ्यांच्या आठवणी कोण उतरवून घेतोय? मित्रांनो, कविता लिहाच, पण आधी एक वही घेऊन त्यांच्याकडं जा.