रिकाम्या हाती आला, म्हणजे काम झालं

बाझेलच्या हिल्टन हॉटेलात पाहुणा २२ एप्रिल २०२४ रोजी येतो आणि २० एप्रिलला निघून जातो. गूगलच्या ‘एमसीपी टूलबॉक्स फॉर डेटाबेसेस’ या साधनाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नमुन्याचा एक तक्ता आहे, त्यातली ही पहिलीच नोंद. दहा हॉटेलं, सगळी स्वित्झर्लंडमधली, आणि अशा उलट्या तारखा आणखीही काही ओळींत. नमुन्याचा डेटा कोण मनावर घेतो? मला मात्र हसू आलं, आणि त्या हसण्यापायी पुढचा मजकूर मी कविता वाचावी तसा सावकाश वाचला.

साधन काय करतं ते थोडक्यात. एआय एजंटला डेटाबेसमधलं काही हवं असेल, तर त्याला थेट आत सोडायचं नाही. मध्ये हा सर्व्हर बसवायचा. एका यामल फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता आणि एजंटला करू द्यायच्या कामांची यादी लिहायची. २०२५च्या सुरुवातीला हे साधन ‘जेन एआय टूलबॉक्स’ म्हणून आलं. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४मध्ये आणलेला एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) या साधनाने स्वीकारला, तेव्हा त्याचं बारसं पुन्हा झालं.

नमुन्याच्या यादीतल्या प्रत्येक कामाला, म्हणजे टूलला, नाव, वर्णन, पॅरामीटर आणि प्रत्यक्ष चालणारी एसक्यूएल क्वेरी असते. खरी गंमत वर्णनात आहे. एरवी कोडमधलं वर्णन सहकाऱ्यासाठी लिहितात, आणि सहकारी ते वाचतोच असं नाही. इथे एजंट वाचतो. क्वेरी त्याला दिसतच नाही. नाव, वर्णन, पॅरामीटर एवढ्याच भांडवलावर तो ठरवतो, हे काम कधी करायचं आणि ते झालं की नाही.

नमुन्यातल्या ‘बुक-हॉटेल’ या टूलचं वर्णन पाहा. मतलब असा: क्रमांकावरून हॉटेल बुक होतं, बुकिंग झालं तर ‘नल’, म्हणजे रिकामं उत्तर, परत येतं, नाही झालं तर एरर. आपल्याकडे रिकाम्या हाती परतला म्हणजे काम झालं नाही, असंच धरतात. इथे नेमकं उलटं. पण त्यामागचं कारण पटतं. साधी अपडेट क्वेरी कुठल्याही ओळी परत देत नाही, आणि काहीच हाती आलं नाही की एजंट गोंधळणार, पुन्हा पुन्हा तेच दार ठोठावणार. म्हणून त्याला आधीच समजावलं आहे. लेकराला दुकानात पाठवताना आई जशी बजावते, तशी ही सूचना मला वाटली.

मग खालची क्वेरी वाचली. दिलेल्या क्रमांकाच्या ओळीत ‘बुक्ड’ या रकान्यातला बिट १ कर, बस्स. आता कुणी क्रमांक ९९ दिला तर? नमुन्यातला पोस्टग्रेस डेटाबेस शून्य ओळी बदलेल आणि गप्प बसेल; त्याच्या लेखी ही चूक नाही. एरर आली नाही म्हणजे नल, आणि नल म्हणजे वर्णनाप्रमाणे बुकिंग पक्कं! आधीच बुक असलेलं हॉटेल पुन्हा बुक केलं तरी तेच. वर्णनाने दिलेला शब्द क्वेरी पाळत नाही, आणि बिचारा एजंट ग्राहकाला खुशाल सांगतो, झालं तुमचं काम.

नावावरून हॉटेल शोधण्याच्या टूलमध्ये मात्र हात सफाईदार आहे. एजंटने दिलेलं नाव क्वेरीत राखलेल्या ‘डॉलर एक’च्या जागी जातं, क्वेरीच्या मजकुरात मिसळत नाही, त्याने काहीही लिहिलं तरी ते नावच राहतं. क्वेरीचा सांगाडाच बदलू देणारे टेम्प्लेट पॅरामीटरही आहेत, पण तिथे डॉक्युमेंटेशन स्वतःच एसक्यूएल इंजेक्शनचा धोका सांगून सावध करतं.

मला सर्वांत आवडला तो शेवटचा नमुना-संवाद. ग्राहक बाझेलची हॉटेलं विचारतो, हिल्टन बुक करायला सांगतो आणि लगेच म्हणतो, थांबा, हे फार महाग आहे, रद्द करा, हयात रीजन्सी घ्या. अस्सल ग्राहक! एजंटला दिलेल्या सूचनांमध्ये ‘हॉटेलचा क्रमांक प्रत्येक वेळी सांग’ असं ठासून लिहिलं आहे, ते का, हे इथे उलगडतं. आधीच्या बोलण्यात क्रमांक उच्चारला गेला असेल, तरच ‘हे रद्द करा’मधलं ‘हे’ त्याला खात्रीने सापडणार. त्याच सूचनांमध्ये ग्राहकाकडे खातरजमा मागू नकोस, असंही आहे. नमुना विनाअडथळा चालावा म्हणून ते ठीक; खऱ्या हॉटेलात ती ओळ मी पहिल्यांदा खोडेन.

आणि ‘बुक-हॉटेल’चं वर्णन असं लिहीन: दिलेल्या क्रमांकाचं हॉटेल बुक करतं. एरर आली नाही की नल परत येतं, हॉटेल अस्तित्वात नसलं तरीही. म्हणून आधी शोध, मग बुक कर.