खाटा किती, माणसे किती? : पुण्यातल्या साथी आणि आपले आरोग्य धोरण



आपल्याकडे रुग्णालय मोजायचे माप एकच, खाट. इतक्या खाटांना मंजुरी, तितक्या खाटांचे भूमिपूजन, बातमीतही आकडा खाटांचाच. त्या खाटेजवळ रात्री तीन वाजता कोण उभे असणार, हे आकड्यात कुठेच दिसत नाही. आज आपण या सवयीबद्दल बोलणार आहोत, कारण पुण्याने तिची किंमत मोजलेली आहे.

राज्यातले पहिले करोना रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले आणि महापालिकेच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. मे महिन्यात सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. निर्णय योग्यच होता. त्याशिवाय कित्येक घरे बुडाली असती. पण बघा, हुकूम काढून खाट ताब्यात घेता येते, नर्स ताब्यात घेता येत नाही.

मग ऑगस्टमध्ये सीओईपीच्या मैदानावर जंबो रुग्णालय उभे राहिले. ८०० खाटा, आणि काही आठवड्यांत! ऑक्सिजनच्या नळ्या, मांडव, वातानुकूलन, सगळे झाले. उद्घाटनही झाले. चालवायचे काम मात्र एका एजन्सीला कंत्राटाने दिले आणि तिथे घोडे अडले. आत गेलेल्या रुग्णाची खबर नातेवाइकांना मिळेना. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका वृत्तवाहिनीचा तरुण पत्रकार तिथे दगावला. त्याला दुसरीकडे हलवण्यासाठी सहकारी कार्डिॲक ॲम्ब्युलन्स शोधत होते, ती वेळेत मिळाली नाही. पत्रकार होता म्हणून आपल्याला कळले. पुढे त्या एजन्सीला बाजूला करून महापालिकेने सूत्रे हाती घेतली, माणसे वाढवली, आणि मांडव तोच असताना कारभार सुधारला. हे नीट लक्षात घ्या. इमारत तीच, खाटा त्याच. बदलली ती माणसे आणि त्यांच्यावरची देखरेख.

प्रशासनाची बाजू आपण ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ऐन साथीत प्रशिक्षित माणूस आणायचा कुठून? बरोबर आहे. आयसीयूची नर्स तीन आठवड्यांत घडत नाही. पण मग ती साथ नसतानाच नेमून ठेवायला हवी, आणि तिथेच आपले धोरण हात आखडते. इमारतीचा खर्च एकदाचा, फीत कापता येते, फोटो निघतो. कायम पदाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. म्हणून पदे रिक्त ठेवायची, साथ आली की कंत्राटी भरती, साथ ओसरली की त्यांना घरी पाठवायचे. जंबो जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले आणि मार्चमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा उघडावे लागले. दोन महिन्यांत!

हे दुखणे जुने आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या निमित्ताने साथरोग कायदा आला. उणीपुरी चार कलमे. सरकारला वाटेल ते नियम करायची मुभा, ते मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. रुग्णाला उपचार कोण देणार, याबद्दल एक ओळ नाही. पुण्यात त्या वर्षी रँडसाहेबाने घरझडत्यांना गोरे सैनिक लावले, त्याचा शेवट आपण शाळेत शिकलो. पण उपचाराची बाजू कोणी सांभाळली? टिळकांनी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उघडले. डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना थाटला, तिथे रुग्ण आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. हुकूम सरकारचा आणि शुश्रूषा ज्याची त्याने बघावी, ही वाटणी तेव्हाचीच. २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा बाहेर काढला. त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना शिक्षेची. चांगलीच दुरुस्ती. पण वॉर्डात पुरेशी माणसे असावीत, असे अजूनही त्यात कुठे लिहिलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस आला. किरकटवाडी, नांदोशी, नांदेड ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. हद्द एका आदेशाने वाढली, शुद्ध पाणी मागे राहिले. त्या पाण्याचा हिशेब मग रुग्णालयाला चुकता करावा लागला. या आजारात रुग्ण कित्येक आठवडे व्हेंटिलेटरवर राहू शकतो, त्याला माणूस सतत लागतो. मोफत उपचारांची घोषणा झाली ती अशी: पुणे शहराचे कमला नेहरूमध्ये, पिंपरी-चिंचवडचे वायसीएममध्ये, ग्रामीण भागाचे ससूनमध्ये. मदत मोलाची, पण हातपाय लुळे पडत असताना आपण नक्की कोणाच्या हद्दीतले, हे घरच्यांनी शोधत बसायचे का?

धर्मादाय रुग्णालयांचे कलम ४१ कक सगळ्यांना तोंडपाठ झाले आहे: १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. तिथेही पुन्हा खाटाच मोजल्या, बघा. एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवतीच्या नातेवाइकांकडे दहा लाखांची अनामत मागितल्याचा आरोप झाला, तेव्हा शहर हादरले. समित्या बसल्या. त्यावर वेगळे व्याख्यान लागेल.

आता ससूनकडे या. तिथला रात्रीचा भार निवासी डॉक्टरांवर असतो, म्हणजे शिकणाऱ्या मुलामुलींवर. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत लिहिले आहे: सलग १२ तासांहून अधिक काम साधारणपणे नको, आठवड्याला ४८ तास. कुठल्याही निवासी डॉक्टरला हे वाचून दाखवा, तो हसेल. त्यांचा संप झाला की ‘रुग्ण वेठीस’ हा मथळा ठरलेला. संप नसतो त्या रात्री एका वॉर्डात किती रुग्णांमागे किती नर्स होत्या, याचा मथळा आजवर आपण वाचलेला नाही. महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकावर चर्चा होईल, तेव्हा नव्या खाटांच्या रकान्याशेजारी भरलेल्या पदांचा रकाना मागा. नसेल, तर तो का नाही, एवढे तरी नगरसेवकाला विचारा.